दहाव्या दिवसाचा रंग

नॉटिंगहॅमच्या आमच्या घराला गॅरेज होतं, पण त्यात गाडी कधी गेली नाही. तिथे तांदळाची पोती असायची, आईचं शिवणाचं मशीन असायचं, इंडियाहून येणाऱ्यांच्या रिकाम्या बॅगा असायच्या, आणि मागच्या फळीवर बाबांची हिरवी पेटी. झाकण उचललं की पेटीचे तीन कप्पे पायऱ्यांसारखे उलगडत वर यायचे आणि कप्प्याकप्प्यात मासे दिसायचे. खोटे मासे. बोटाएवढे, प्लास्टिकचे, पोटाखाली आणि शेपटीला तीन-तीन काट्यांचे गळ लटकवलेले. बाबा कंपनीच्या कामासाठी काही महिने कॅनडात होते, तेव्हा तिथल्या एका सहकाऱ्यानं त्यांना तळ्यावर नेलं होतं. बोट अगदी सावकाश चालवायची, मागे लांब दोरी सोडायची आणि तिच्या टोकाला हा खोटा मासा पाण्याखाली वळवळत येऊ द्यायचा, याला ट्रोलिंग म्हणतात. तिथल्या वॉलआय नावाच्या माशानं बाबांना असं काही वेड लावलं की परत येताना त्यांनी आमच्यासाठी चॉकलेटं कमी आणि हे मासेच जास्त आणले. आई म्हणाली होती, "खरे आणले असतेस तर कालवण तरी केलं असतं." आई मूळची मालवणची. मासा हा तिच्या मते खाण्यासाठीच जन्माला येतो.

वॉलआय इथे मिळत नाही, पण त्याचा चुलतभाऊ झँडर मिळतो, हे बाबांनी आल्याआल्याच शोधून काढलं. पुढच्या वर्षी जाऊ या, म्हणाले. पुढचं वर्ष आलं, पण तोवर बाबा गेले होते. एका सोमवारी ऑफिसातच छातीत दुखलं आणि संपलं. मी नऊ वर्षांची होते. त्या दुपारबद्दल मी इथे लिहिणार नाही, कारण मला हे प्रकरण पेटीबद्दल लिहायचं आहे.

बाबांनी मला बैठकीच्या कार्पेटवर बसवून रंग समजावले होते. पाणी नितळ असेल तर चंदेरी आणि पांढरा, ढगाळ असेल तर निळा, गढूळ असेल तर पिवळा. बाकीचं मी विसरले, पण कप्प्यांतली रंगांची ओळ लक्षात राहिली. पहिल्या कप्प्यात फिके, दुसऱ्यात निळे आणि जांभळे, तिसऱ्यात लाल आणि पिवळे, आणि त्या तिसऱ्या कप्प्याच्या कोपऱ्यात, स्वतःच्या खणात एकटाच, फायरटायगर. हिरवी पाठ, पिवळं अंग, नारिंगी पोट आणि त्यावर काळे पट्टे. लग्नाच्या मांडवात सगळ्यांनी एकमेकांशी न बोलता साड्या नेसाव्यात तसा तो रंग होता. बाबांना त्यांचा पहिला वॉलआय यानंच मिळवून दिला होता आणि त्याच्या पाठीवर दातांचे चार ओरखडे उमटले होते. "हा शेवटी," बाबा म्हणाले होते. म्हणजे कधी, ते विचारायचं राहिलं.

मी तेरा वर्षांची असताना आईनं मिलिंदकाकांशी लग्न केलं. रजिस्ट्री ऑफिसात वीस मिनिटांत झालं, मग भारतीय हॉटेलात जेवण. आई ज्या हॉस्पिटलात नर्स होती, तिथल्याच फार्मसीत ते होते. नागपूरचे, बौद्ध, चाळिशीतच टक्कल पडलेले, बोलण्यात कमी आणि ऐकण्यात जास्त. त्यांनी मांसमच्छी सोडली होती. देवाला हात जोडत नसत. रोज सकाळी खिडकीशी उभं राहून हळू आवाजात पंचशील म्हणत, आणि मग तितक्याच शांतपणे कुकर लावत. आई आपल्या देव्हाऱ्यात दिवा लावायची, ते आपल्या खिडकीशी उभे राहायचे, आणि मधल्या टेबलावर माझा टोस्ट जळायचा. घरात भांडण म्हणून कधी झालं नाही. आईच्या मैत्रिणींना यातलं काही पचायला जरा वेळ लागला, पण मिलिंदकाकांच्या हातची पाटवडीची आमटी एकदा खाल्ल्यावर निम्म्याजणी आपोआप गप्प झाल्या.

मी मात्र त्यांना काहीच म्हणत नव्हते. आईनं "काका म्हण" असं सांगून पाहिलं. माझ्या तोंडून ते येईना. काका म्हटलं की कायमचं झालं, असं काहीतरी माझ्या डोक्यात होतं. मग मी हाक मारायचीच टाळली. खोकायचे. दारात जाऊन उभी राहायचे. "आई म्हणतेय चहा झाला" असं भिंतीला सांगायचे. मालवणात माझी पणजी पणजोबांना आयुष्यभर नावानं हाक न मारता संसार करून गेली, असं आई सांगायची. ती कला रक्तातून आली असावी. मिलिंदकाकांनी त्याबद्दल कधी एक अक्षर काढलं नाही. मी खोकले की ते वर बघून म्हणायचे, "बोल ना, काय झालं?"

त्या वर्षीच्या उन्हाळ्यात आईनं गॅरेज आवरायला काढलं आणि पेटी कुणाला तरी देऊन टाकू या का, असं विचारलं. मी इतकी रडले की शेजारची बाई कुंपणावरून डोकावली. माझा एकच हट्ट, ही पेटी वापरायची, बाबांनी सांगितलं तसं ट्रोलिंग करायचं, झँडर पकडायचा. आईला पाण्याची भीती. पोहता येत नाही, बोटीत बसायचं नावही काढायचं नाही. "कोण नेणार तुला?" ती म्हणाली. पोळ्या लाटत असलेले मिलिंदकाका लाटणं न थांबवता म्हणाले, "मी नेतो. होडी मी वल्हवीन. गळ मात्र मी धरणार नाही, मधुरा. मला ते जमणार नाही." मी म्हटलं, "फाइन." भिंतीला नाही, पोळपाटाला.

त्यांना वल्हवता येत नव्हतं, हे मला खूप पुढे आईकडून कळलं. त्या उन्हाळ्यात शनिवारी शनिवारी ते "जरा जाऊन येतो" म्हणून पार्कातल्या तळ्यावर जात आणि भाड्याची होडी घेऊन बदकांमध्ये गोल गोल फिरत. तळहातांना फोड आले तर आईला सांगितलं, फार्मसीतल्या खोक्यांमुळे आले.

शाळेची ऑक्टोबरची आठवड्याची सुट्टी, हाफ-टर्म, आणि नवरात्र त्या वर्षी एकत्र आले. त्याच सुमारास मुंबईत नऊ दिवसांच्या नऊ रंगांची टूम निघाली होती. दादरची मावशी फोनकार्ड संपेपर्यंत रंग सांगायची आणि आई ते पाळायचीच. वॉर्डात नर्सची निळी ट्यूनिक, मग रंग दाखवणार कुठे? म्हणून आई मोजे घालायची. सोमवारी पांढरे, मंगळवारी लाल. पेशंट विचारायचे आणि ती त्यांना देवीचं माहात्म्य सांगायची. तिचे उपास, साबुदाण्याची खिचडी, वऱ्याचे तांदूळ सगळं यथासांग चालू होतं. आणि त्यात मी मासे धरायला निघालेली. "नवरात्रात मासे? शिव शिव!" आई म्हणाली. मी म्हटलं, "आई, आपण खाणार नाही आहोत. रूल आहे, पकडायचा आणि सोडायचा." पकडून सोडायचा, हे तिला गोहत्येपेक्षा थोडंच बरं वाटलं असावं. पण नवरात्राचे नियम तर मोडत नव्हते. तिनंच पोस्टात जाऊन माझं मासेमारीचं रॉड लायसन्स काढून आणलं.

आणि रंग निवडायची वेळ आली तेव्हा मी ते देवीवर सोपवलं. हे वाचून मासेमारीतले जाणकार हसतील. पाणी बघायचं, आभाळ बघायचं, खोली बघायची आणि मग पेटीत हात घालायचा, अशी रीत आहे. मी आईचे मोजे बघायचे. पांढरे मोजे, पांढरा मासा. लाल मोजे, लाल मासा. त्यात एक सोय होती, ती आज मला लख्ख दिसते. प्रत्येक खोटा मासा बाबांनी हातात घेतलेला होता. तळाशी झाडाच्या बुंध्यात अडकला, दोरी तुटली, तर तो गेला. आज बाबांचा कुठला तुकडा पणाला लावायचा हे मला ठरवायचं नव्हतं. मावशीनं दादरहून ठरवलेलं बरं.

घरापासून तासाभरावर एक मोठं रिझर्व्हॉयर होतं. तिथे बॅरी नावाचा पिकल्या मिशांचा गृहस्थ बोटी आणि गळाच्या काठ्या, म्हणजे रॉड, भाड्यानं द्यायचा. लाइफजॅकेटचे पट्टे स्वतः आवळायचा आणि जाळं, टॉवेल आणि तार कापायची पक्कड असल्याशिवाय कुणाला धक्क्यावरून हलू द्यायचा नाही. पहिल्या दिवशी पांढरा मासा सोडला, काही नाही. दुसऱ्या दिवशी लाल. बॅरीनं तो बघितला आणि आमच्या भागात लाडानं सगळ्यांनाच 'मी डक' म्हणतात तसं म्हणाला, "रेड, मी डक? तिथे खाली रेड म्हणजे ब्लॅकच दिसतो. व्हाय रेड?" मी म्हटलं, "इट्स ट्यूजडे." त्यानं मिलिंदकाकांकडे बघितलं. मिलिंदकाका अगदी गंभीरपणे म्हणाले, "इट इज ट्यूजडे." बॅरीनं आमची होडी ढकलली.

तासन्‌तास आम्ही असे फिरायचो. वल्ह्यांची कुरकूर, पाण्याचं चुळुक चुळुक, वरून जाणारं एखादं विमान. रॉडचं टोक सारखं थरथरत राहायचं, म्हणजे खाली मासा नीट वळवळतोय. ते थरथरणं बघायची मला इतकी सवय झाली की घरी चमच्यातल्या चहाकडेही मी तशी बघायला लागले. मिलिंदकाका पाठमोऱ्या दिशेला वल्हवायचे, त्यामुळे त्यांचं तोंड माझ्याकडे असायचं आणि नजर मात्र रॉडच्या टोकावर. टोक थरथरायचं थांबलं की ते लगेच वेग वाढवायचे. डब्यात आईची उपासाची खिचडी असायची. ती खाताना एकदा मी त्यांना विचारलं, "तुम्हाला वाईट वाटतं का, माशाबद्दल?" ते म्हणाले, "वाटतं. पण तू एकटी आलीस तर मला जास्त वाईट वाटेल." आणि खिचडीतला शेंगदाणा शोधू लागले.

पांढरा, लाल, निळा, पिवळा. आठवडा संपत आला, मासा नाही. गुरुवारी रात्रभर पाऊस पडला आणि शुक्रवारी दसरा होता.

सकाळी उठून मी आईचे मोजे बघायला गेले तर आई अनवाणी. "आज कुठला?" मी विचारलं. "आज काही नाही गं. रंग नऊच. दहाव्या दिवशी आपल्या मनाचा." ती पुरीची कणीक मळत होती, श्रीखंडाचा चक्का रात्रीच टांगलेला. मिलिंदकाका पांढऱ्याशुभ्र शर्टात होते, कारण तो दिवस त्यांच्याही लोकांचा मोठा दिवस. त्यांनी पहाटेच खीर करून ठेवली होती. दोघांचे सण एका दिवशी येत असूनही मला त्या घरात कधी गर्दी वाटली नाही. "पांढरा शर्ट घालून होडीत?" आई म्हणाली. "आज हाच," ते म्हणाले, आणि वरून जाकीट चढवलं.

रिझर्व्हॉयरचं पाणी कडक चहासारखं झालं होतं. होडी मधोमध आली, मी पेटी उघडली, तिन्ही कप्पे वर आले आणि मी बसूनच राहिले. मोजे नव्हते. मावशी नव्हती. गढूळ पाण्याला भडक रंग, हे तेरा वर्षांच्या पोरीलाही कळत होतं, आणि पेटीत सगळ्यात भडक कोण ते माझ्याकडेच बघत होतं. मिलिंदकाकांनी वल्ही उचलून धरली. होडी वाऱ्यानं हळूहळू वळत राहिली.

"कोणता लावू?" मी विचारलं.

"मला त्यातलं काय कळतं बाप्पा," ते म्हणाले. "पण तू त्या कोपऱ्यातल्याला रोज बघून राहिली. लावत काहून नाहीस?"

"हरवला तर?"

हरवणार नाही, असं दुसरं कुणीही मोठं माणूस म्हणालं असतं. ते म्हणाले, "हरवू शकतो. हरवला तर आपण दोघं मिळून रडू."

मी फायरटायगर बांधला. गाठ दोनदा सुटली. तो पाण्यात पडला, एकदा नारिंगी चमकला आणि चहात बुडाला.

धक्का बसला तेव्हा मला वाटलं, बुंध्यातच अडकला. मग बुंधा पळायला लागला. मी किंचाळले, रॉड वाकला, मिलिंदकाका वल्हं सोडून उभे राहिले आणि होडी हलली म्हणून लगेच खाली बसले. किती वेळ गेला कोण जाणे. शेवटी तो पृष्ठभागावर आला तेव्हा आधी मला त्याचे डोळे दिसले, काचेसारखे, दुधाळ, आतून उजेड असलेले. बाबांनी कॅनडाहून फोनवर सांगितलेले डोळे. मी हसत होते आणि रडतही होते. पण तो जाळ्यात आल्यावर हसू संपलं. खोटा मासा त्याच्या घशाकडे खोलवर गेला होता, पुढचा गळ कल्ल्याजवळ रुतलेला, मागचा जाळ्यात गुंतलेला. मी ओढून बघितलं तर रक्त आलं. कल्ले उघडझाप करत होते, आधी जोरात, मग सावकाश.

ज्यांनी गळ धरणार नाही म्हटलं होतं त्यांनी बाह्या वर केल्या, टॉवेल पाण्यात बुडवला आणि काठावर ओणवं होऊन तो मासा टॉवेलात, पाण्यात, आडवा धरला. दुसऱ्या हातानं बॅरीची पक्कड माझ्यापुढे केली.

"गळ तोडले तर हा वाचेल, असं वाटतं मला," ते म्हणाले. "पण बाबांची वस्तू आहे. मी हात लावणार नाही. तू सांगशील तसं. तुला घाई नाही, मधुरा." मग माशाकडे बघून म्हणाले, "याला आहे."

आम्ही दोघेही नवखे, आणि आम्हाला दोघांनाही अगदी मनापासून वाटत होतं की गळ तोडला की खोटा मासा कायमचा मोडला. बाबा त्यानं मासे धरत होते, आता त्यानं पुन्हा कुणी काही धरणार नाही. मी त्या चार ओरखड्यांकडे बघितलं. मग पक्कड घेतली आणि कापलं. एकेक काटा, टक्, टक्. फायरटायगर सुटून माझ्या मांडीवर पडला. काट्याचे उरलेले तुकडे मी हळूच काढले. मिलिंदकाकांनी मासा तसाच धरून ठेवला, त्याला पाण्यात मागेपुढे करत, काहीतरी पुटपुटत. बराच वेळ काही झालं नाही. मग त्याच्या शेपटीनं एकदा पाणी त्यांच्या तोंडावर उडवलं आणि तो गेला.

मिलिंदकाकांनी जाकिटाची चेन उघडली, फायरटायगर पांढऱ्या शर्टाला पुसून कोरडा केला आणि त्याच्या खणात ठेवला. शर्टावर रक्ताचा आणि चिखलाचा डाग पडला. मग ठरल्याप्रमाणे आम्ही रडलो. मी मोठ्यानं, ते चष्मा काढून.

संध्याकाळी आईनं दसऱ्याची पूजा मांडली. वर्षभर हाताला उपयोगी पडतं त्याला त्या दिवशी हळदकुंकू वाहायचं. आईचं शिवणाचं मशीन, तिचा स्टेथोस्कोप, माझी शाळेची पुस्तकं, आणि या वर्षी पहिल्यांदाच बाबांची पेटी. आईनं झाकणावर झेंडूचं फूल ठेवलं आणि पाठ फिरवून पुऱ्या तळायला गेली, ती फार वेळ परत आली नाही. मिलिंदकाका पूजेला बसले नाहीत, पण खिरीची वाटी घेऊन दारात उभे होते. मी पेटी उघडली नाही. आतला बिनगळाचा मासा मला बघवणार नव्हता.

रविवारी सकाळी गॅरेजमधून बारीक आवाज येत होता. कच्, मग थोडी शांतता, मग कच्. मी नाइटड्रेसवरच खाली गेले. मिलिंदकाका तांदळाच्या पोत्यावर बसले होते, चष्मा कपाळावर, मांडीवर वर्तमानपत्र, आणि त्यावर फायरटायगर. पोटाखाली एक गळ, शेपटीला एक. नवे, चकचकीत.

मी खोकले. त्यांनी वर बघितलं आणि गुन्हा करताना सापडल्यासारखे गोरेमोरे झाले.

"अगं, ते बदलता येतात," ते म्हणाले. "छोट्या रिंगेत अडकवलेले असतात नुसते. काल दुकानात गेलो, तर तो पोट्टा हसला मला. आपल्याला काय माहीत! आपण उगाच रडलो." मग पक्कड दाखवून म्हणाले, "फक्त एक केलं मी. याला उलटा काटा असतो ना, माशाला सुटू देत नाही तो, तेवढा चेपून टाकला. सहाही. आता येईल, थोडा वेळ थांबेल, आणि जाईल." फार्मसीतल्या कापसाचा बोळा त्यांनी प्रत्येक टोकावरून फिरवून दाखवला. कापसाचा एक धागाही अडकला नाही.

ज्या हातांना गळ धरायचा नव्हता त्या हातांनी ते सहा काटे एकेक करून धरले होते. बोटाला दोन ठिकाणी प्लॅस्टर होतं. मी त्या प्लॅस्टरकडे बघत राहिले आणि मला त्यांची फार माया आली. आजही, माझ्या केसांत पांढरं दिसू लागल्यावर, त्या सकाळचा तांदळाचा वास आला की ती तशीच येते.

"काका," मी म्हणाले, "आज जाऊ या?"

त्यांनी ऐकलं. पक्कड खाली ठेवायला त्यांना जरा जास्तच वेळ लागला. मग म्हणाले, "डबा भरू दे. आज कुठला लावायचा?"

दुपारी होडी मधोमध आली. मी फायरटायगर पाण्यात टाकला आणि दोरी मुठीत घट्ट धरून बसले, दोन हात लांब, तीन हात, त्यापुढे सोडवेना. काकांनी वल्ही मारणं थांबवलं नाही.

"सोड ना अजून," ते म्हणाले. "मी हळू चालवतो."